मॉरिशसमध्ये म्हणे उसाला हमीभाव नव्हता!

ऊसपट्ट्यात सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. 'मॉरिशस बघा! सरकारी भाव नाही, खुला बाजार, म्हणून उसावर देश श्रीमंत झाला. गोऱ्यांचे मळे काढून आपल्या लोकांना वाटले. बगॅसवर (उसाच्या चिपाडांवर) वीज, अन्नात स्वयंपूर्ण. आपणही एफआरपी रद्द करा.' (एफआरपी म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचाच असा, केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव.) शिरोळच्या चुलतभावाने तो घरच्या ग्रुपवर टाकून विचारलं, 'दादा, खरंय का हे?' त्याचं घर उसावर चालतं, म्हणून लिहितोय. एरवी असला कचरा मी उघडतही नाही.

खुला बाजार? इतकी लाडावलेली साखर शोधून सापडणार नाही. युरोप आणि त्याच्या जुन्या वसाहती यांच्यातल्या १९७५ च्या लोमे करारासोबत आलेल्या साखर प्रोटोकॉलमध्ये युरोपने मॉरिशसची वर्षाला सुमारे ५ लाख टन साखर हमीदराने घ्यायचं कबूल केलं. अरविंद सुब्रमणियन (तेच, पुढे आपल्या केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार झालेले) आणि देवेश रॉय यांनी २००१ मध्ये नाणेनिधीसाठी याचा हिशेब मांडला. तो दर सरासरीने जागतिक भावाच्या जवळजवळ दुप्पट होता. या एका सवलतीतून देशाला दरवर्षी जीडीपीच्या ५ टक्क्यांहून जास्त रक्कम मिळत होती. देशातही मोकळं रान नव्हतंच. साखर विकायची ती सिंडिकेट या एकाच विक्री संस्थेमार्फत, आणि उसातून निघालेल्या साखरेत शेतकऱ्याचा वाटा ७८ टक्के, कारखान्याचा २२, हे ठरलेलं.

मग युरोपने २००६ पासून टप्प्याटप्प्याने दर ३६ टक्के उतरवला आणि २००९ मध्ये प्रोटोकॉलच संपवला. फॉरवर्डवाल्यांना हवा असलेला बाजार तिथे तेव्हा आला! कारखाने एकामागून एक बंद होत आज तीन उरलेत. लहान शेतकऱ्यांनी हजारोंनी ऊस सोडला, जमिनी पडीक पडल्या. वर्षाला ५ लाख टनांवर साखर काढणारा देश आता अडीच लाखांच्या आत आहे. शेवटी सरकारलाच लहान शेतकऱ्यांसाठी हमीदर जाहीर करावा लागला.

मळे वाटल्याची तर निव्वळ थाप. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर मळे ताब्यात घेतले नाहीत. साखरेच्या निर्यातीवरचा कर चालू ठेवला आणि शाळा-दवाखाने चालवले. मोठे मळे आजही बहुतांशी फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडे आहेत. गिरमिटियांच्या (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, त्यात कोकणातून गेलेली आपली माणसंही आली) वंशजांकडे जी शेती आहे त्यातली बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाल्यांनी विकायला काढलेले तुकडे पैसे मोजून घेतल्याने आली. वाटली कोणीच नाही.

स्वयंपूर्णता? तांदूळ आणि गहू दोन्ही बाहेरून येतात. पुढे बोलायची गरज नाही.

बगॅसची वीज मात्र खरी, मान्य. पण गाळप संपलं की त्यातल्या बऱ्याच संयंत्रांत दगडी कोळसा जळतो, आणि सहवीजनिर्मिती आपल्याकडचे कारखानेही करतातच. उसाच्या पैशातून तिथे कपड्यांचे कारखाने आणि हॉटेलं उभी राहिली, हेही खरं. पण तो पैसा आला हमीदरातून. भावाला एवढंच कळवलंय, आणि एफआरपी थकवणाऱ्या कारखान्याकडे व्याज मागायला सांगितलंय.