दातांचा ससा घ्यावा का? घ्यावा.

"एवढा खर्च, एका सशावर?" हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टमधे, ऑफिसात, नात्यातल्या लग्नात, सगळीकडे विचारून झालाय. चौथ्या मजल्यापर्यंत जाताना त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून दातांचा आजार असलेला ससा आम्ही का घेतला ते आज इथे नीट लिहिते. लांब होणार आहे.

आमचा साबू (साबुदाण्यासारखा पांढरा म्हणून साबू) दुकानातून आलेला नाही. एका घरात मुलाच्या वाढदिवसाला आणलेला, पोळी, बिस्किटं आणि रंगीत दाण्यांच्या पाकिटावर वाढवलेला, आणि मग खालचे दात तोंडाबाहेर येऊन वरच्या ओठाला टोचायला लागले तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घोडबंदर रोडला एका सोसायटीच्या गेटपाशी ठेवून दिलेला. ठाण्यातल्याच एक ताई घरी असे प्राणी सांभाळतात, त्यांच्याकडे तो पोचला म्हणून जगला. त्यांनी अडॉप्शनची पोस्ट टाकली की खाली बदाम पडायचे, "किती गोड" लिहिलं जायचं, आणि दातांचा प्रॉब्लेम आहे म्हटलं की माणूस गायब. याचा मला मनापासून राग येतो, कारण दातांचा प्रॉब्लेम म्हणजे नेमकं काय हे विचारायलाही कोणी थांबत नाही.

तर नेमकं काय ते सांगते. सशाला २८ दात असतात आणि ते सगळे, पुढचेही आणि मागच्या दाढाही, आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. निसर्गाने हिशोब असा बसवलाय की ससा दिवसभर गवत चघळणार, जबडा आडवा फिरवत दळल्यासारखं चावणार, गवतातल्या सिलिकाने दात झिजणार आणि वाढ आणि झीज सारखी राहणार. आता त्याला गवताऐवजी पोळी आणि दाणे दिले तर तो वरखाली दाबून दोन मिनिटांत संपवतो, दाढा झिजतच नाहीत, त्यांना कडेला धारदार टोकं येतात, खालच्या दाढांची जिभेत घुसतात आणि वरच्यांची गालात. त्यात आपल्याला चपट्या तोंडाचे, बाहुल्यासारखे ससे आवडतात म्हणून तसेच पैदा केले जातात, त्या आखूड जबड्यात दात एकमेकांवर बसतच नाहीत. म्हणजे हा आजार बहुतेक वेळा आपण माणसांनीच दिलेला असतो, आणि मग त्याच आजारासाठी आपण त्याला नको म्हणतो. मी साबूला आणण्यामागे खरं कारण हेच. दया वगैरे नंतर.

साबूचे पुढचे दात आधी डॉक्टर दर थोड्या आठवड्यांनी ड्रिलसारख्या मशीनने घासून कमी करायचे. (नेलकटरने कापायचे नाहीत, कोणी कितीही सोपं आहे म्हणो. दात उभा चिरतो, मुळापर्यंत इजा होते, पू होऊ शकतो.) पण दर वेळी तेच, तोच प्रवास, तीच भीती, आणि दात पुन्हा वाकडेच येणार. शेवटी डॉक्टरांनी पुढचे सगळे सहा दात काढायचा सल्ला दिला. हो, सहा. वरच्या दोन मोठ्या दातांच्या मागे अजून दोन छोटे लपलेले असतात, त्यामुळे वर चार आणि खाली दोन. घरात यावर खूप बोलणं झालं, सासूबाई म्हणाल्या, अगं बिनदाताचा ससा खाणार काय? बरोबर प्रश्न होता. तर ससा ओठांनी उचलतो आणि दाढांनी चावतो, खाताना पुढच्या दातांचं काम फक्त तोडायचं. ते काम आता आम्ही करतो, गाजर असेल तर बारीक किसून, आणि तेही कधीतरीच कारण गाजर गोड असतं, रोज द्यायची गोष्ट नाही. मुळ्याचा पाला, कोथिंबीर, पुदिना चिरून, गवत मात्र जसंच्या तसं. गावदेवी मार्केटमधले भाजीवाले दादा मुळ्याचा पाला आता आमच्यासाठी बाजूला ठेवतात. आणि सासूबाई सकाळी पाला चिरताना त्याच्याशी जे बोलतात ते आमच्यापैकी कोणाशीच बोलत नाहीत.

पुढचे दात नसल्यामुळे त्याला अंग नीट विंचरता येत नाही, त्यामुळे ब्रश आम्हाला करावा लागतो, आणि एखादा दात पुन्हा उगवू शकतो म्हणून बघत राहावं लागतं. एवढंच.

दाढांचं मात्र अवघड आहे, ते लपवणार नाही. सशाचं तोंड इतकं अरुंद असतं की दाढा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, कानात बघायच्या दुर्बिणीने थोड्या दिसतात, नीट बघायला आणि घासायला भूल द्यावी लागते. कवटीचा एक्सरे काढावा लागतो कारण दात आतल्या बाजूलाही वाढतात, मुळं अश्रूनलिकेवर दाबतात आणि डोळ्यातून पाणी येत राहतं. लोक महिनोन्महिने डोळ्यात ड्रॉप घालत बसतात आणि दुखणं दाताचं असतं.

डॉक्टर. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर हा सशाचा चांगला डॉक्टर असेलच असं नाही. आम्हाला एका क्लिनिकमधे सांगितलं की भूल द्यायची आहे, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. भुलेत उलटी होऊ नये म्हणून उपाशी ठेवतात, पण सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे तो उद्देशच उरत नाही, उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात आणि तेच जिवावर बेततं. आम्ही तिथून निघालो. त्यामुळे डॉक्टरला आधी विचारा, ऑपरेशनआधी किती वेळ उपाशी ठेवायचं? उत्तर "ठेवायचं नाही" असं आलं की पुढचं बोला. आणि तोंडातून द्यायचं अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन सशाला कधीच नाही, पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससाही जातो. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं, कारण कोणीतरी प्रेमापोटी घरातलीच गोळी कुस्करून देतं.

रोज काय बघायचं तर लेंड्या. हसू नका. लेंड्या मोठ्या, गोल, भरपूर, तर सगळं ठीक. बारीक झाल्या, कमी झाल्या, हनुवटी ओली दिसली, गवत तोंडात घेऊन टाकून दिलं, आवडता पाला बघून जवळ आला पण खाल्ला नाही, म्हणजे तोंड दुखतंय. ससा दुखणं लपवतो, जंगलात शिकार होणारा प्राणी आहे तो, आवाज करणार नाही. बारा तास काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट बघायची नाही, ती इमर्जन्सी. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टोपली ठेवून दर आठवड्याला वजन होतं, कारण उतरतं वजन बाकी सगळ्याच्या आधी सांगतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत आणि दिवाळीच्या फटाक्यांत त्याला आतल्या खोलीत ठेवतो, कोणीतरी एक जण सोबत बसतं, कारण भीतीनेसुद्धा खाणं बंद होतं. पावसाळ्यात ठाण्याच्या दमटपणात गवताला बुरशी धरते, ते सरळ टाकायचं, पैसे गेले तर गेले. त्याच दिवसांत मागची बाजू रोज तपासायची, तोंड दुखणाऱ्या सशाला स्वतःला साफ ठेवता येत नाही आणि घाणीवर माशा अंडी घालतात.

एक काका म्हणाले, येऊरला सोडून द्या की, जंगलाचाच प्राणी ना. नाही काका. येऊरच्या जंगलात आहे तो आपला रानससा, तो वेगळा प्राणी. घरातले ससे मूळ युरोपातल्या सशांपासून आलेले, पिढ्यानपिढ्या माणसाच्या हातचं खाऊन वाढलेले, पांढराशुभ्र साबू तिथे एक रात्रही काढणार नाही. शिवाय पाळलेला प्राणी उपाशी मरेल असा सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि ज्यांनी "इंजेक्शन देऊन सोडवा" असं सुचवलं त्यांना सांगते, जबड्यात पू पसरलाय, काही केल्या दुखणं थांबत नाहीये अशी वेळ येते आणि तेव्हा तो निर्णयही प्रेमाचाच असतो. पण नुसते दात वाढतात म्हणून? जो प्राणी दुखणं कमी झाल्यावर हॉलमधे गोल गोल पळत हवेत उड्या मारतो, त्याला?

कोणी घेऊ नये तेही सांगते. घरी दिवसभर कोणीच नसतं, महिन्याला बाजूला काढायला पैसे नाहीत, मुलाला खेळायला काहीतरी हवंय म्हणून बघताय, तर नका घेऊ. अचानक हजारोंचा खर्च येतो आणि तो रविवारी रात्री येतो. आणि ससा ८ ते १२ वर्षं जगतो, मुलगा तोवर कॉलेजात जाईल. पण ज्यांच्या घरात वेळ आहे, एखादी आजी किंवा घरून काम करणारं कोणी आहे, त्यांनी "दातांचा आहे" एवढ्यावरून मागे फिरू नये असं मला ठामपणे वाटतं. धडधाकट ससा आज आणला आणि पोळी खायला घातली तर दोन वर्षांनी तोही दातांचाच होणार आहे.

ताईंकडे सध्या एक राखाडी मादी आहे, चपट्या तोंडाची, दाढांचा त्रास आहे, पुढचे दात ठीक आहेत, सिरिंजने पातळ खाणं नीट घेते आणि अंगावर येऊन बसते. नसबंदी झालेली आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी कुठेही चालेल, एक्सरे आणि सगळे रिपोर्ट सोबत मिळतील, पहिल्या महिन्याचं गवत माझ्याकडून. डॉक्टरकडे पहिल्या वेळी मी स्वतः बरोबर येईन. मेसेज करा, फक्त घरातल्या सगळ्यांशी बोलून मग करा.