पाटीवरची चूक टीव्हीला दिसत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर वरचेवर फिरतो. सार असं : प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला एक मोठा स्मार्ट टीव्ही आणि इंटरनेटचं एक डोंगल द्या. देशातला उत्तम शिक्षक पडद्यावर येईल, पोरं आपोआप शिकतील, एका मास्तरावर चारही वर्ग निघतील, आणि खर्च काय तो एकदाच. लोकवर्गणी गोळा करणारी चांगली माणसं हा मजकूर मनापासून पुढे पाठवतात, म्हणूनच त्याला मुद्द्याला मुद्दा उत्तर द्यायला हवं. टीव्हीला विरोध नाही. जे काम त्याच्याच्यानं होणार नाही ते त्याच्या गळ्यात घालायला विरोध आहे.

‘उत्तम शिक्षकाचा व्हिडिओ लावला की पोरं आपोआप शिकतात’

दुसरी-तिसरीतली हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ वजा २७. व्हिडिओ छान झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता पाट्या वर करायला सांगा. २५ च्या जोडीला काही पाट्यांवर हमखास ३५ दिसेल. एका पोरानं २ मधून ७ जात नाहीत म्हणून उलटं केलं, ७ मधून २ काढले. दुसऱ्यानं दशक बरोबर सोडवला, १२ मधून ७ काढले, पण ५ चे ४ करायला विसरला. उत्तर दोघांचंही ३५. चूक मात्र वेगळी, आणि उपायही वेगळा.

ती कशी ओळखायची? लगेच ५३ वजा २७ द्यायचं. उलटं करणाऱ्याचं उत्तर ३४ येतं, विसरणाऱ्याचं ३६. पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हातात द्यावे लागतात आणि एक गठ्ठा त्याच्याच हातानं सोडवून घ्यावा लागतो. दुसऱ्याला गठ्ठा कळलेला आहे. त्याला ५ खोडून वर ४ लिहायची सवय हवी. हे पाटी बघणाऱ्या माणसालाच जमतं. व्हिडिओ दोघांनाही पुन्हा तेच पहिल्यापासून ऐकवतो.

म्हणून ६ मिनिटांचा व्हिडिओ सलग लावायचाच नाही. आधी मास्तरांनी एकट्यानं पाहून तीन थांबे ठरवायचे. प्रत्येक थांब्यावर ‘आता पुढे काय येईल ते पाटीवर लिहा’ म्हणायचं, पाट्या बघायच्या, मग पुढे जायचं. ६ मिनिटांना २० ते २५ मिनिटं लागतात, आणि ती लागू द्यायची. तास लवकर उरकला म्हणजे बहुधा थांबे गाळले गेले.

नुसतं यंत्र हातात दिल्यानं काय होतं हे पेरू देशात तपासून झालंय. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांच्या अभ्यासात लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडलेला दिसला नाही. अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला.

‘एका मास्तरावर चार वर्ग निघतील’

आधी कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक हवेत. टीव्ही लावला म्हणून त्यातला एक कमी होत नाही.

मग अनुभव. तोही दूरचा नाही, शेजारच्या गुजरातमधला आहे. बडोद्यात चौथीच्या पोरांना आठवड्यातून दोन तास, दोघांत एक संगणक देऊन गणिताचे खेळ दिले, गणित चांगलंच सुधारलं. गुजरातमध्येच दुसऱ्या एका प्रयोगात तसाच कार्यक्रम दोन प्रकारे चालवला. शिक्षकाच्या तासाच्या जागी संगणक लावला तिथं पोरं मागे पडली. शाळेच्या वेळेव्यतिरिक्त जादा सराव म्हणून दिला तिथं फायदा झाला. यंत्र शिक्षकाच्या जोडीला बसवलं की चालतं, खुर्चीवर बसवलं की नुकसान करतं.

या दाव्यात खरा अंश एवढाच, की दोन इयत्ता एका खोलीत असतील तर तिसरी-चौथीला १० मिनिटं कविता किंवा नकाशा लावून मास्तर पहिलीच्या चार पोरांजवळ वाचन घेऊ शकतात. पण ती १० मिनिटं आधी आखलेली हवीत, आणि व्हिडिओनंतर वहीत करायचं काम फळ्यावर आधीच लिहिलेलं हवं. नाहीतर दोन्हीकडे गोंधळ.

‘डोंगल दिलं की झालं’

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंजचा भरवसा धरून तास आखता येत नाही. आणि तशी गरजही नाही. आठवड्याचे व्हिडिओ रेंज असेल तिथं उतरवून पेनड्राइव्हवर आणावेत. इथं दोन गोष्टी नडतात. एक, काही टीव्ही एमपी-फोर सोडून इतर काही प्रकारच्या व्हिडिओ-फाइली उघडत नाहीत. दोन, काही टीव्ही फक्त फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचतात. म्हणून शुक्रवारी शाळेच्याच टीव्हीवर लावून बघा. सोमवारी पोरांसमोर नको. फाइलींच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घातले की शोधाशोध वाचते.

‘पडदा सगळ्यांना सारखाच दिसतो’

४३ इंची टीव्हीची उंची साधारण ५३ सेंटिमीटर. ५ मीटरवर बसलेल्या पोराला आरामात वाचता यावं तर अक्षर अडीच सेंटिमीटरच्या आसपास हवं. वेलांटी-उकाराची जागा धरली तर पडद्यावर आठ-दहा ओळींच्या वर मजकूर असला की मागच्या रांगेतली पोरं वाचत नाहीत, नुसती चित्रं बघतात. टीव्ही खिडकीसमोर लावला तर दुपारी त्यात खिडकीच दिसते. खिडकीला काटकोनातली भिंत निवडा. पोरं सतरंजीवर बसतात, म्हणून खालची कड जमिनीपासून ३ फुटांच्या आसपास ठेवा. पार छताजवळ टांगलेल्या टीव्हीनं माना दुखतात. पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू झाला की टीव्हीचा स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. वेगळा स्पीकर पोरांकडे तोंड करून ठेवावा लागतो.

‘मराठी व्हिडिओ आहेत, म्हणजे भाषेचा प्रश्न उरला नाही’

पडद्यावरच्या बाई म्हणतात, ‘तू कुठे चालला आहेस?’ घरी आजी म्हणते, ‘कथा जाई ऱ्हायना?’ अहिराणी पोराला हे अंतर पार करता येतं, कारण बरेच शब्द जवळचे आहेत. पावरी, भिलोरी किंवा मावची बोलणाऱ्या पहिलीच्या पोराला मात्र पुस्तकी मराठी जवळजवळ परकीच असते. ते पोर पडद्याकडे टक लावून बघतं, म्हणून ते समजतंय असं बाहेरून वाटतं. ही फसगत फार महागात पडते.

उपाय साधा आहे. व्हिडिओ पहिल्यांदा आवाज बंद करून लावा आणि पोरांना त्यांच्याच बोलीत विचारा, काय चाललंय? त्यातून निघालेल्या पाच शब्दांसमोर फळ्यावर मराठी शब्द लिहा. मग आवाजासह लावा. त्याहून मोलाचं म्हणजे गावातल्या एखाद्या आजीची तीन मिनिटांची गोष्ट तिच्या बोलीत मोबाइलवर रेकॉर्ड करून वर्गात ऐकवणं. यंत्राचा इतका चांगला उपयोग दुसरा क्वचितच असेल, आणि त्याला डोंगल लागत नाही.

‘खर्च एकदाच’

वीज किती लागते ते आधी बघू. टीव्ही ८० वॅटचा, रोज दोन तास, वर्षाचे २०० दिवस : ३२ युनिट. हा आकडा भीतीचा नाही. पण वापर शून्य असला तरी बिलात स्थिर आकार येतोच. बिल थकलं, कनेक्शन तुटलं की टीव्ही भिंतीवरची शोभा.

भारनियमनासाठी इन्व्हर्टर घेतला जातो. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली तर इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून, टीव्ही आणि स्पीकर मिळून १०० वॅटवर सुमारे ७ तास चालते. खरा शत्रू आपला उन्हाळा. तापमान २५ अंशांवरून प्रत्येक १० अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं, आणि खान्देशात पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याच्या ओसरीतली बॅटरी म्हणून लवकर बसते. तिची जागा जाड भिंतीच्या, हवा खेळत्या खोलीत. पाणी दर महिन्याला बघायचं, आणि डिस्टिल्डच घालायचं. आपल्या बोअरच्या जड पाण्यानं प्लेटा खराब होतात.

टॅब असतील तर उन्हाळी सुट्टीआधी निम्मे चार्ज करून, बंद करून ठेवा. पूर्ण चार्ज करून गरम लोखंडी कपाटात कोंडलेल्या टॅबची बॅटरी जूनपर्यंत फुगू शकते. फुगलेला टॅब पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही.

तेव्हा वर्गणीची पावती फाडण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीनं तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात : बिल कोण भरणार, तीन-चार वर्षांनी नव्या बॅटरीचे पैसे कुठून येणार, आणि उन्हाळ्यात शाळेला कुलूप असताना त्या बॅटरीचं पाणी कोण बघणार. शेवटच्याचं नाव आणि तारीख इन्व्हर्टरच्या वर, भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा. खडू पुसला जातो.