खोरानांना कोण साइट करतं?

दरवर्षी 9 जानेवारीला आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतो. हरगोबिंद खोराना, भारतीय वंशाचे नोबेल विजेते, खाली तिरंगा आणि हात जोडलेले. (तारीख नुसती कागदोपत्री बरं का, खरी जन्मतारीख त्यांच्या घरातही कुणाला नक्की माहीत नव्हती.) मग भांडणही तेच. मामा लिहितो, गेला ना शेवटी अमेरिकेत, सिटिझन पण झाला, देशाला काय उपयोग. त्यावर कुणीतरी तरुण उसळून लिहितं की आपल्याकडे टॅलेंटची कदरच नाही. मग मला टॅग करतात, कारण मी अमेरिकेत मॅडिसनला राहते आणि 1968 सालचं नोबेल खोरानांना मिळालं तेव्हा ते इथेच होते, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एन्झाइम इन्स्टिट्यूटमध्ये. बाहेर उणे पंधरा, तळं गोठलेलं, लोक त्यावर भोकं पाडून मासे धरत बसलेत, आणि मी किचनमध्ये चहा घेत ब्रेन ड्रेनवर निवाडा द्यायचा.

या वेळी मी गप्प बसले. कारण त्याच दिवशी मावसबहिणीचा वेगळा मेसेज आला होता. ती कोकणातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवते. सात वर्षं झाली, पावसाळा सुरू झाला की ती आणि तिची पोरं चार ठरलेल्या ओढ्यांवर जातात, खेकडे मोजतात, रजिस्टरात नोंद करतात. त्यातून पेपर निघाले दोन. प्रमोशनच्या फॉर्ममध्ये सायटेशन्स (म्हणजे आपल्या पेपरचा इतरांनी आपल्या पेपरात किती वेळा संदर्भ दिला), एच इंडेक्स (त्यावरूनच काढलेला एक आकडा) असे रकाने आहेत आणि तिथे भरायला तिच्याकडे जवळजवळ काही नाही. शेजारच्या केबिनमधल्या सरांचे एका वर्षात नऊ पेपर झाले, पैसे भरले की चार दिवसांत 'ॲक्सेप्टेड', कधीकधी पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी. तिने विचारलं, "ताई, तुमच्या त्या खोरानांची सायटेशन्स किती गं?"

मी बघितलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

त्याचं असं आहे. मी इथे आले तेव्हा पहिली दोन वर्षं एका कोअर फॅसिलिटीत, म्हणजे सगळ्यांसाठीच्या सामाईक लॅबमध्ये, डीएनए सिंथेसायझर चालवायचं काम होतं. पाहिजे ती अक्षरं टाइप करायची आणि मशीन एकेक अक्षर जोडत डीएनएचा छोटा तुकडा बनवतं. प्रत्येक अक्षराच्या टोकाला एक टोपी असते, म्हणजे ते भलत्याच वेळी भलत्याशी चिकटू नये. अक्षर जोडून झालं की ॲसिड सोडून टोपी काढायची, मग पुढचं अक्षर. टोपी निघते तेव्हा नळीतून झकास केशरी पाणी जातं, अगदी केशराचं दूध घट्ट झाल्यासारखं. तो रंग गडद असेल तर काम बरोबर चाललंय, फिका पडला की समजायचं मधेच कुठेतरी गडबड झाली. मी तासन्‌तास तो रंग बघत बसलेय. ती टोपी, डायमिथॉक्सिट्रायटिल तिचं नाव, खोरानांच्या लॅबमध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आणली गेली. आज जगात कुठेही ऑनलाइन प्रायमर, म्हणजे असाच डीएनएचा छोटा तुकडा, ऑर्डर केला, पुण्यात करा नाहीतर पेरूमध्ये, तो बहुतेक याच टोपीच्या भरवशावर बनून येतो. आणि प्रायमर वापरणाऱ्यांपैकी खोरानांना कोण साइट करतं? कुणीच नाही. मीही कधी केलं नाही. पोळी खाताना तव्याचा शोध लावणाऱ्याचं नाव कोण घेतं.

सायटेशन मोजणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. एखादं काम खूपच कामाचं ठरलं की ते सगळ्यांच्या हाताखाली जातं आणि त्याचं नाव गळून पडतं.

आता खोरानांचं मुख्य काम, जे शाळेत एका ओळीत संपवतात. नीरेनबर्ग आणि मॅथाई यांनी 1961 साली दाखवलं की आरएनएमध्ये (डीएनएची ती नक्कल, जी वाचून पेशी प्रोटीन बनवते) नुसतं यू यू यू असं एकच अक्षर असेल तर प्रोटीनमध्ये एकच अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनच्या माळेतला एकच मणी, येत राहतो. पण बाकीच्या अक्षरांचं काय, आणि एक शब्द तीनच अक्षरांचा कशावरून? खोरानांनी ठरलेल्या क्रमाची आरएनए बनवली. समजा 'तकतकतकतक' अशी लांबलचक ओळ आहे. दोन-दोनने वाचली तर 'तक, तक, तक', एकच शब्द. तीन-तीनने वाचली तर 'तकत, कतक, तकत, कतक', दोन शब्द आलटून पालटून. त्यांनी यू आणि सीची तशी ओळ बनवली आणि प्रोटीनमध्ये सेरीन, ल्युसीन, सेरीन, ल्युसीन असं आलं. बस्स, झालं सिद्ध. सांगायला दोन मिनिटं लागतात, पण ती ओळ बनवायची, मग तीन अक्षरांचे सगळे 64 तुकडे बनवायचे, ही कितीतरी वर्षांची कंटाळवाणी, हाताला वास लावणारी केमिस्ट्री आहे. त्यानंतर 77 अक्षरांचा अख्खा जीन 1970 साली बनवून झाला, मग एमआयटीत जाऊन पेशीत खरोखर काम करणारा जीन 1976 पर्यंत. आणि इतकं झाल्यावर माणूस पन्नाशी ओलांडून विषयच बदलतो, डोळ्यातल्या रोडॉप्सिनकडे, प्रकाश टिपणाऱ्या प्रोटीनकडे, वळतो. आमच्याकडे पन्नाशीत लोक एचओडी व्हायचं बघतात. (इथेही बघतात, खोटं कशाला बोलू.)

आणि 1971 साली त्यांच्या लॅबमधून एक पेपर आला, पहिलं नाव क्लेप्पे, ज्यात दोन प्रायमर आणि पॉलिमरेज (डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम) वापरून डीएनएच्या प्रती काढायची कल्पना लिहून ठेवली आहे. पुढे 1983 मध्ये कॅरी मलिसला पीसीआर, म्हणजे अशाच प्रती लाखोंनी काढायची पद्धत, सुचलं, ते चालवून दाखवलं गेलं, त्याचं श्रेय तिकडेच, त्याबद्दल वाद नाही. मलिसला 1993 साली नोबेल मिळालं, आणि त्याच बक्षिसाचा दुसरा वाटेकरी होता मायकेल स्मिथ, जो व्हँकूवरला खोरानांच्या हाताखाली पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) होता. आज सगळी मशीन्स ज्या पद्धतीने डीएनए बनवतात ती शोधणारा कॅरुथर्सही त्यांचाच पोस्टडॉक. ही माणसं कुठल्या रकान्यात भरायची? 2020 मध्ये सगळ्या गावाने नाकात काडी घालून आरटीपीसीआर करून घेतली तेव्हा आमच्या ग्रुपवर खोरानांचा फॉरवर्ड काही आला नव्हता.

आता मामाच्या मुद्द्याकडे येते, कारण तो अगदीच टाकाऊ नाहीये. माणूस गेला हे खरं, पण मधला एक तुकडा सगळे विसरतात. वडील मुलतानजवळच्या शंभर वस्तीच्या खेड्यात पटवारी, म्हणजे आपले तलाठी. लाहोरला एमएससी, 1945 मध्ये सरकारी फेलोशिपवर लिव्हरपूल, मग झुरिक, आणि 1949 मध्ये माणूस भारतात परत आला होता. परत! गाव तोवर पाकिस्तानात गेलेलं. भारतात त्याला नोकरी मिळाली नाही. मग केंब्रिज, आणि 1952 मध्ये व्हँकूवर, जिथे साधनं फारशी नव्हती पण तुला हवं ते कर असं सांगणारे लोक होते. त्या काळात देशाला शंभर कामं होती, फाळणीचे लोंढे येत होते, मी कुणाला दोष देत नाही. पण 'गेला' म्हणताना 'आला होता' हेही म्हणा ना.

आणि तरुण मंडळींना सांगते, इथे अमेरिकेत काही स्वर्ग नाहीये. इथे पाच ग्रँट लिहिल्या तर चार परत येतात, 2025 मध्ये तर अनेकांच्या चालू ग्रँट मधेच बंद केल्या. एच इंडेक्स इथेही बघतात, एका ठिकाणी अर्ज केला तेव्हा फॉर्मने मलाच पहिल्या पानावर सायटेशनचा आकडा विचारला आणि मी निमूटपणे भरला. फरक इतकाच की इथे अजून कमिटीत दोन म्हातारे तरी असतात जे पेपर खरोखर वाचून येतात. आमच्याकडे 'जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत अमुक सर' अशी बातमी फोटोसकट येते, त्या यादीत लाखाहून जास्त नावं असतात हे बातमीत नसतं, आणि सरांनी नक्की काय शोधलं हे तर नसतंच.

बरं, आपल्याकडे हे कुणाला कळत नाही असंही नाही. पुण्याच्याच संशोधकांनी 2018 साली करंट सायन्समध्ये दाखवलं होतं की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य जर्नल्सच्या यादीत विद्यापीठांनी घुसवलेली हजारेक जर्नल्स तपासली तर 88 टक्के निकृष्ट निघू शकतात. त्याच वर्षी यूजीसीने 4305 जर्नल्स उडवली, मग पुणे विद्यापीठात ऑफिस ठेवून 2019 मध्ये केअर नावाची नवी यादी आली, आणि 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद. पीएचडीआधी पेपर छापायची सक्तीसुद्धा 2022 मध्ये काढली. म्हणजे यादी काढली, यादी बदलली, यादी मोडली, पण ओढ्यावर जाऊन रजिस्टर उघडून बघायला कुणी गेलं नाही.

कुणी म्हणेल खोरानांचे स्वतःचे पेपर शेकड्यांनी आहेत, तुझं उदाहरण चुकतंय. आहेतच. पेपर लिहू नका असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतेय की त्यातले उपयोगी पडले ते आज मोजणीत दिसतच नाहीत, तर मोजणी नक्की कशाची चाललीय?

बहिणीला हे सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, "छान आहे, पण फॉर्मची लास्ट डेट शुक्रवार आहे." मग आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो, तिने रजिस्टरची पानं कॅमेऱ्यासमोर धरली, तिसऱ्या ओढ्यावर 2021 नंतर एका जातीचे आकडे सरळ खाली आलेले दिसतात, बाकी तिन्ही ठिकाणी तसं नाही. मी म्हटलं, हे का झालं असेल? ती म्हणाली, वरच्या अंगाला चिऱ्याची खाण सुरू झाली ना त्या साली. आणि मग दीड तास आम्ही फॉर्मबद्दल बोललोच नाही.