इन्स्टॉलेशन झालं, इथे सही करा!

टीव्ही भिंतीवर टांगला की टीव्ही कंपनीच्या माणसाचं इन्स्टॉलेशन संपलं! टीव्हीच्या आवाजासाठीचा लांबट स्पीकर, साउंडबार? "ते आमच्यात नाही येत, काका." सेटटॉप बॉक्स? "डीटीएचवाल्याला बोलवा." डीटीएचवाला येतो, टीव्हीच्या मागे डोकावतो आणि सांगतो, बॉक्स ओके आहे, टीव्हीचा प्रॉब्लेम. टीव्हीवाला म्हणतो, बॉक्सचा. मग काय, दोघांना एकाच सोफ्यावर बसवून पोहे खायला घालू?

कस्टमर केअरला मराठीचं बटण दाबलं तरी पलीकडून हिंदीच. "एक बार बंद करके चालू कीजिए." अहो, ते आम्ही पेशवाईपासून करतोय!

साउंडबार मुका का? तर केबल भलत्याच एचडीएमआय पोर्टात खुपसलेली. शेजारच्या पोर्टावर बारीक अक्षरांत 'एआरसी' लिहिलंय, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणारं पोर्ट. ही सोय २००९ पासून आहे, पण वाचायचं कुणी? शेवटी वरच्या मजल्यावरच्या नववीतल्या पोराने मोबाइलचा टॉर्च मारून शोधलं.

आणि रेकॉर्डिंग! पेनड्राइव्ह लावला की बॉक्स विचारतो, फॉरमॅट करू? डीटीएचवाले महाशय आम्हाला न विचारता 'हो' दाबून मोकळे. मुंजीचे फोटो गेले! बरं, रेकॉर्ड केलेलं कीर्तन आईच्या खोलीतल्या टीव्हीवर दिसेल? छे! कुलूपबंद फाइल, त्याच बॉक्सवर चालणार. विकताना बरं नाही सुचलं सांगायला?

वर सल्ला, "केबल तपकीर गल्लीतून आणा." पुण्यातल्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गजबजलेल्या बाजारात, शनिवारी संध्याकाळी! गाडी काय डोक्यावर लावू?

आत्ताच मेसेज आलाय: आमच्या सेवेला ५ पैकी किती स्टार द्याल?