१०९८ वर उरलेलं जेवण नेत नाहीत

लग्नसराई आली की हा मेसेज हमखास फिरतो: 'कार्यात जेवण उरलं तर १०९८ ला फोन करा, ते येऊन नेतील आणि रस्त्यावरच्या मुलांना वाटतील.' पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण माहिती चुकीची आहे.

१०९८ ही अडचणीतल्या मुलांसाठीची चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाइन. १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा छोटासा प्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी ती सुरू केली, तीही मुख्यतः रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी. गोंधळ बहुधा तिथूनच होत असावा. पुढे चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनने ती देशभर नेली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे गेली. आम्ही अन्न गोळा करत नाही, असा खुलासा फाउंडेशनने स्वतःच केला होता.

स्टेशनवर एकटंच भटकणारं पोर, हॉटेलात भांडी घासायला ठेवलेला मुलगा, ठरलेला बालविवाह, घरातली मारहाण, असे फोन तिथे येतात. सोडवलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. त्याच लाइनवर कुणी दोन पातेली पुलाव न्यायला टेम्पो मागत असेल, तर खरा फोन ताटकळतो.

अन्न द्यायचंच असेल तर मुंबईत रोटी बँकेसारख्या संस्था आहेत. आपल्या गावात कोण नेतं ते कार्याच्या आधीच विचारून ठेवा. रात्री बाराला आंबायला लागलेलं वरण कुणीच घेणार नाही.

तो मेसेज पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर काढा आणि त्याखाली हा खुलासा टाका. १०९८ मात्र मोबाइलमध्ये सेव्ह राहू द्या.