ट्रॉलीची पांढरी वायर कापू नका

‘ट्रॉलीचे लाईट लागत नाहीत? मिस्त्रीला पैसे घालू नका’ असा एक मेसेज ऊसवाहतूक करणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच उपाय आहेत. पांढरी अर्थची वायर (दिव्यांचा करंट बॅटरीकडे परत नेणारी) कापून टाका, ट्रॅक्टरच्या हुकातून अर्थ मिळतोच. फ्यूज सारखा उडत असेल तर तिथे तांब्याची तार घाला. सॉकेटमध्ये डिझेल मारा. सगळीकडे एलईडी लावा. आणि तरीही नाही लागले तर मागे रेडियम चिकटवा, भागतं. माझ्या मामेभावाने हे वाचून पांढरी वायर कापलीसुद्धा, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी त्या वायरीचंच बघू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे.

हुकातून अर्थ मिळतो हे अर्धं खरं आहे. हुक, पिन आणि दांडीचा डोळा लोखंडाचे असतात, भरलेली ट्रॉली ओढताना ते एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि दिवे लागतात. शेतातून निघताना माणसाला वाटतं, झालं काम. पण त्याच जागी ग्रीस असतं, गंज असतो, चिखल असतो. ब्रेक दाबला की ओढ थांबते आणि मागची ट्रॉली पुढे रेटायला लागते. या उलटापालटीत पिन डोळ्यात मोकळी होते. म्हणजे मागच्याला ब्रेक लाईट दिसायची गरज असते नेमका तेव्हाच अर्थ तुटतो. कापणाऱ्याने याचा विचार केलाय का?

शिवाय ती एकच वायर सगळ्या दिव्यांचा करंट परत आणते. ब्रेकचे दोन बल्ब २१ वॉटचे, एक इंडिकेटर २१, मागचे दोन लाल दिवे ५-५ आणि नंबरप्लेटचा ५. बेरीज ७८ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेसहा अँपिअर. दोन ट्रॉल्या जोडल्या की १३. म्हणून बाकीच्या वायरी १.५ चौरस मिलिमीटरच्या घेतल्या तरी अर्थची २.५ ची घ्या. अर्थ कमजोर असला की बल्बला १२ ऐवजी १० व्होल्ट मिळतात आणि उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. लोक मग बल्ब बदलत बसतात.

अर्थ गेल्याची खूण ओळखायला सोपी आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही लुकलुकतो. ब्रेक आणि लाल दिवा एकाच डबल काँटॅक्ट बल्बमध्ये असतात, बल्बच्या आत २१ आणि ५ वॉटच्या दोन तारा. अर्थकडे जायची वाट बंद झाली की ब्रेकचा करंट दुसऱ्या तारेतून किंवा शेजारच्या इंडिकेटरमधून उलटा फिरून ट्रॅक्टरच्या बल्बमार्गे अर्थ शोधतो. हे दिसलं तर वायरिंग उकलू नका. ट्रॉलीच्या चॅसीपासून, म्हणजे लोखंडी सांगाड्यापासून, ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड वायर तात्पुरती जोडा. दिवे लगेच नीट झाले तर दोष अर्थमध्येच आहे.

दुरुस्ती अशी: चॅसीवर रुपयाच्या नाण्याएवढा रंग खरवडून लोखंड चकचकीत करा, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, वरून ग्रीस किंवा रंग लावा. प्रत्येक दिव्याच्या होल्डरपर्यंत वेगळी अर्थ वायर न्या. दिवा पत्र्यावर बसवलाय म्हणून अर्थ मिळेल असं धरू नका. पत्र्याला रंग असतो आणि स्क्रू गंजतो.

सॉकेटच्या पिना कुठल्या हा वाद नकोच. १२ व्होल्टच्या सात पिनांच्या सॉकेटसाठी आयएसओ १७२४ हे मानक आहे: १ डावा इंडिकेटर, २ मागचा फॉग लाईट (धुक्यातला दिवा), ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा लाल दिवा, ६ ब्रेक, ७ डावा लाल दिवा. मानकात अर्थला स्वतःची पिन दिलीय, ती हौसेखातर नाही. आकडे सॉकेटवर बारीक कोरलेले असतात. ते बघा, रंगावर जाऊ नका, गावाकडे बांधलेल्या ट्रॉलीत हाताला लागेल त्या रंगाची वायर असते.

आता फ्यूज. हा उपाय सगळ्यात धोकादायक. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. एक मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वितळायला सुमारे ८० अँपिअर लागतात. त्याच्या कितीतरी आधी वायरीचं प्लास्टिक वितळून पेट घेतं, आणि ट्रॉलीत काय असतं? वाळलेलं पाचट. १० किंवा १५ चा फ्यूज काढून हिरवा ३० चा टाकणं हाही तोच प्रकार. फ्यूज उडतो त्याला कारण असतं. वायर चॅसीच्या कडेला घासून उघडी पडलेली असते, होल्डरमध्ये पाणी गेलेलं असतं, नाहीतर कुणीतरी ट्रकची जोडणी बघून प्लग भरलेला असतो. ट्रकच्या २४ व्होल्टच्या सॉकेटचं मानक आयएसओ ११८५, त्यात अर्थ १ नंबरला आहे. तशी भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली की डावा इंडिकेटर लावताक्षणी थेट शॉर्ट. शोधायचं कसं? फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा आणि एकेक होल्डर सोडवत जा. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण उजेडाने पेटतो, शॉर्ट सुटला की मंद होतो किंवा विझतो.

तपासणीसाठी नुसत्या मीटरवर विसंबू नका. एका धाग्यावर लटकलेली वायरही मीटरवर १२ व्होल्ट दाखवते आणि बल्ब लावला की बसते. २१ वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प करा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रॅक्टरच्या सॉकेटच्या एकेका पिनेला. मग निगेटिव्हऐवजी ३ नंबरला लावून पुन्हा बघा. पहिल्यांदा पेटला आणि आता नाही, तर अर्थ ट्रॅक्टरच्याच बाजूला तुटलाय. ब्रेकचीच पिन मेली असेल तर पेडल बघा: ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाची दोन ब्रेक पेडलं असतात आणि काही ट्रॅक्टरांत ब्रेक लाईटचा स्विच एकाच पेडलवर असतो. रस्त्यावर दोन्ही पेडलं लॅचने जोडलेली हवीतच.

डिझेलचं म्हणाल तर पिना हिरव्या पडतात हे खरं, पण डिझेलने तेलकट थर बसतो आणि धूळ धरतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, फट मिटलेल्या पिना स्क्रूड्रायव्हरने किंचित फाका, वर व्हॅसलीनचा पातळ हात द्या.

एलईडीचा सल्ला मान्य करावा लागेल, करंट खरंच कमी लागतो. पण एलईडीलाही अर्थ लागतोच, आणि लोड कमी झाल्याने जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा) भराभर मारतो किंवा नीट मारतच नाही. उलट साधे बल्ब ठेवून दोन ट्रॉल्या जोडल्या तर ट्रॅक्टरचे दोन आणि ट्रॉल्यांचे दोन इंडिकेटर मिळून एका बाजूला ८४ वॉट होतात. फ्लॅशरवर छापलेली क्षमता तेवढी आहे का ते बघा.

रेडियम लावाच, पण दिव्याच्या बदल्यात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये रिफ्लेक्टरचा नियम १०४ आणि दिव्यांचा १०५, दोन्ही वेगळे आहेत. रेडियम मागच्याच्या हेडलाईटवर चमकतं, ब्रेक सांगत नाही, वळण सांगत नाही. आणि ऊस मागे लोंबत असेल तर दिवा काय, रेडियम काय, दोन्ही वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांखाली, जातात. तेव्हा लोंबणारा ऊस छाटा आणि दिवे मागच्या फळीच्या बाहेरच्या कडेला आणा.