वाळलेल्या गवताची शास्त्रशुद्ध विल्हेवाट

तण कोवळे असते, माती ओली असते आणि दोन बोटांनी ओढले तरी रोप मुळासकट हातात येते, अशा दिवसांत अंगणात खुरपे घेऊन बसणारी माणसे पाहिली की त्यांची कीव येते. यात कसला आला पुरुषार्थ? आपण थांबावे. गवताने कमरेपर्यंत वाढावे, तुरे काढावेत, बियांनी लगडावे, वाळून कोळ व्हावे आणि माती विटेसारखी कडक व्हावी. मग बाह्या सरसावून उतरावे.

थांबण्याचा खरा लाभ बियांचा. विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मुख्यतः तणांच्या बिया वीस बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या होत्या. त्यांतली एक बाटली २०२१ मध्ये उकरून काढली, तेव्हा १४२ वर्षांनंतरही काही बियांना कोंब फुटले. पतवंडांसाठी याहून चिवट इस्टेट आपण दुसरी कोणती ठेवणार आहोत? तेव्हा उपटलेला प्रत्येक भारा अंगणभर फरफटत न्यावा आणि जाताना जरा झटकावा. लव्हाळ्याची मात्र वरची पातीच तेवढी ओरबाडावीत. जमिनीखालच्या गाठी शाबूत राहिल्या की तो पंधरवड्यात हजर होतो, आणि आपल्याला पुन्हा कष्टाळू दिसण्याची संधी मिळते.

आता ढीग झाला. त्याला काडी लावणे हा सर्वमान्य उपाय आहे, पण त्यातही कौशल्य लागते. कडकडीत वाळलेले गवत भसकन पेटून संपते, म्हणून त्यात थोडे ओले मिसळावे. मग ते नीट पेटत नाही आणि तासन् तास धुमसते. वेळ पहाटेची निवडावी, कारण तेव्हा हवा थंड आणि स्थिर असते आणि धूर वर न जाता खिडक्यांच्या उंचीवर रेंगाळतो. त्यातले अडीच मायक्रॉनहून लहान कण नाकात किंवा घशात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचतात. शेजारच्या दमेकरी आजोबांना त्यांची वर्दी द्यायला वेगळा माणूस पाठवावा लागत नाही. ढिगात एखादी प्लास्टिकची पिशवी असलीच तर ती शोधत बसू नये. ढिगाखाली आसऱ्याला आलेल्या बेडकांनी आणि सरड्यांनी आपली सोय आपण पाहावी.

जाळण्याची हिंमत नसेल तर कुंपणाची भिंत आहेच. भिंतीपलीकडे गेलेले गवत गवत राहत नाही, तो शेजाऱ्याचा प्रश्न होतो. गटारही वाईट नाही. फक्त पाणी तुंबून आपल्याच दारात येईल तेव्हा व्यवस्थेच्या नावाने बोटे मोडायची तयारी ठेवावी.

काही अतिशहाणे खताचा आग्रह धरतील, त्यांच्यापासून सावध राहावे. सुक्या गवतात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, म्हणून त्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा मिसळा, ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवा, अधूनमधून उलथापालथ करा, पोटात ५५ ते ६० अंश सेल्सिअस उष्णता काही दिवस टिकली की बहुतेक बियाही मरतात, असे ते सांगत बसतात. बी न धरलेले सुके गवत कुंड्यांत आणि वाफ्यांत दोन-तीन इंच पसरा, म्हणजे ओल टिकते आणि खाली उजेड न पोहोचल्यामुळे नवे तण फारसे उगवत नाही, हाही त्यांचाच सल्ला. तो मानला तर पुढच्या वर्षी सुट्टीच्या दिवशी करायचे काय?

शेवटी पायरीवर बसून मोज्यांत रुतलेली कुसळे एकेक करून काढावीत. हे काम मी फार मन लावून करतो. कुसळाचे टोक सुईसारखे असते आणि मागच्या लांब केसाला दोरीसारखा पीळ असतो. ओल लागली की तो उलगडू लागतो आणि टोक फिरत फिरत मातीत शिरते. म्हणून काढलेली कुसळे कागदात गोळा करण्याचा वेडेपणा करू नये. तिथेच, पायरीशेजारच्या मातीत टाकावीत. पेरणीचे बाकीचे काम पहिला पाऊस करतो.